कॉलर उलटून बघताना

जुना शर्ट हातात आला की मी आधी त्याची कॉलर उलटते. वरून कसाही दिसो, मानेच्या घडीवर शर्ट खरं बोलतो. तिथं कापड विरलं असेल तर तो रोजच्या वापरातला. कॉलर धड आहे पण काखेत पिवळं पडलंय, तर लग्नकार्यापुरता काढलेला. आणि कधीकधी कॉलरची शिवण बाकीच्या शर्टाशी जुळतच नाही. दोरा वेगळा, टाका बारीक. म्हणजे ही कॉलर पलटलेली आहे. कुणा शिंप्यानं ती उसवली, विरलेली बाजू खाली घातली, चांगली वर आणली आणि पुन्हा शिवून दिली. त्या घरात शर्ट टाकून द्यायची रीत नव्हती, एवढं मला तेवढ्यावरून कळतं.

बोईसरला माझं शिलाईचं दुकान आहे. नवीन कपडे शिवायला आता फारसं कुणी येत नाही, तयार कपड्यांनी ते काम नेलं. माझं पोट चालतं ते अल्टरवर. कंबर घेणं, बाही कापणं, चेन बदलणं, साडीला फॉल लावणं. गेली काही वर्षं मात्र एक नवीन गिऱ्हाईक येतंय. कॉलेजातली मुलंमुली मुंबईहून किंवा मोबाईलवरून जुने कपडे मागवतात आणि माझ्याकडे मापाला आणतात. “काकू, व्हिंटेज आहे, नीट करा हं.” मी कॉलर उलटते. कधी खरंच पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा माल असतो, बहुतेक वेळा नसतो. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो, म्हणून मी गप्प बसते.

गप्प बसायला आणखी एक कारण आहे. आमच्या घरात जुना कपडा मिरवायचा नसे, लपवायचा असे. लपवण्यापासून मिरवण्यापर्यंतचा हा रस्ता मी याच पट्ट्यात, पालघर ते तारापूर, डोळ्यांनी पाहिला आहे.

माझी आजी माहीमची. मुंबईतलं माहीम नव्हे, आमचं केळवे-माहीम. तिच्या तोंडी कापडाला वयाप्रमाणे नावं होती. नवं ते लुगडं. विटून मऊ पडलं की जुनेर. मधे फाटलं की त्याला दंड घालायचा, म्हणजे फाटका भाग कापून काढायचा आणि दोन धड तुकडे जोडून पुन्हा नेसायचं. नऊवारात ही सोय असते, मधला हात-दीड हात गेला तरी अंग झाकतं. दंडाचेही दिवस भरले की त्यातून दुपटी आणि लंगोट निघायचे. आमच्याकडे बाळाला बारशापर्यंत नवं कापड घालत नसत, जुनेराचंच अंगडं. आजी कारण साधं सांगायची: नवं कापड टोचतं. उरलेलं गोधडीत जायचं, गोधडीचं पोतेरं व्हायचं आणि जमीन सारवता सारवता ते शेणामातीत संपायचं. लुगडं ज्या घरात आलं त्याच घरात मरायचं. विकायला उरायचं काय?

त्यात १९४३ साल आलं. युद्धामुळे कापड इतकं दुर्मीळ आणि महाग झालं की सरकारला कापड आणि सूत यांवर नियंत्रण आणावं लागलं. दुकानदारानं लुबाडू नये म्हणून कापडावर भाव छापून यायला लागले. आजीच्या पेटीत असल्या एका धोतराचा तुकडा होता, तो आता माझ्याकडे आहे. गिरणीचं नाव उडालंय, आकडे अर्धे राहिलेत, शिक्क्याची निळी शाई तेवढी दिसते. आजी सांगायची की त्या दिवसांत धड जुनेर ज्याच्याकडे असेल तो सुखी.

आता जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे. सगळ्यांचं लुगडं त्यांच्याच घरात मरत होतं हे खरं नाही. काही घरांत दुसऱ्यांचं उतरलेलं यायचं आणि ते घ्यावंच लागायचं. आमचं घर त्यातलं. मेलेल्याच्या अंगावरचं कापड हा गावकीत महारांचा ‘हक्क’ मानला जाई. हक्क म्हणायचा, पण नको म्हणायची सोय नाही, असला हक्क. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तर चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं नेसावीत असा नियमच लिहून ठेवलाय. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं गेलं आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना नेसण्याबद्दल सांगितलं: लुगडं खालपर्यंत नीट नेसा, स्वच्छ राहा, आपल्या नेसण्यावरून जात ओळखू येईल असं राहू नका. माझे आजोबा महाडला गेले नव्हते, पण ही गोष्ट आमच्या घरात ते स्वतः गेल्यासारखी सांगितली जायची. त्यानंतर आमच्या घरात उतरलेलं घेणं बंद झालं, असं आजी म्हणायची. बंद व्हायला आणखी बरीच वर्षं लागली असणार, हे मला पुढे कळलं.

कारण १९७४ च्या सुमारास मी स्वतः ते घेतलं. वडील भाताच्या गिरणीत हमाल होते. माझ्या शाळेत गरीब मुलांना कपडे वाटायचा कार्यक्रम झाला. रांगेत उभं केलं, नाव घेतलं, टाळ्या झाल्या. मला एक पिवळा फ्रॉक मिळाला, खिशावर बदक शिवलेलं. आठवडाभर मी तो रोज घातला. मग एके दिवशी वर्गातली एक मुलगी म्हणाली, हा माझा आहे, बदकाचा डोळा बघ, मीच खरवडलाय. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला तिचं बदक भेटल्याचा आनंद झाला होता. मी मात्र तो फ्रॉक पुन्हा घातला नाही.

आई रागावली नाही. पुढच्या बाजाराला ती मला घेऊन गेली. भाजी-सुकटीच्या पलीकडे जमिनीवर गोणपाट टाकून जुन्या कपड्यांचे ढीग लावलेले असत. आई म्हणाली, “काढ, तुला आवडेल ते.” मी अर्धा तास ढीग उपसला. शेवटी एक निळा स्कर्ट काढला. विकणारीनं तीन रुपये सांगितले, आईनं दोनला मागितला, अडीचला आणला. तोही कुणाचा तरी जुनाच होता. पण तो मी निवडला होता आणि आईनं त्याचे पैसे मोजले होते. फ्रॉक आणि स्कर्ट यांत कापडाचा फरक काही नव्हता. जो होता तो मी आयुष्यभर विसरले नाही, आणि आज जे सांगतेय ते एवढंच आहे.

त्या ढिगामागे बसणारी बाई म्हणजे बोहारीण. तुमच्या आठवणीत ती दारात बसलेली असेल, टोपलीत चकचकीत भांडी घेऊन. आमच्या आठवणीत ती दोन्हीकडे आहे, दारात घेताना आणि बाजारात विकताना. या बायका बहुतेक वाघरी समाजाच्या, मूळच्या गुजरातेतल्या. आता त्यांच्यातले पुष्कळजण स्वतःला देवीपूजक म्हणवतात. पालघर-बोईसर त्यांच्या वाटेवरच. १८६४ मध्ये गुजरातेतून मुंबईपर्यंत रेल्वे आली ती याच पट्ट्यातून, आणि पुढे तिनं या बायकांचा धंदा वाहिला. शटलच्या डब्यात दाराशी गाठोडी टाकून त्या बसत. डबा भरला की इतर बायका कुरकुरत, मग थोड्या वेळानं त्याच बायका गाठोड्यातली साडी ओढून भाव विचारत.

दारातला सौदा बघण्यासारखा असे. ती कपडा उजेडाकडे धरायची, बोटानं ताणायची, पँटच्या बैठकीवर अंगठा फिरवायची. विरलेलं असेल तर बाजूला. पँट सगळ्यात महाग, मग साडी, मग शर्ट. सुती जुनेराला भाव नाही. “ताय, याची चेन गेली हाय, अजून एक साडी टाक, मंग पातेलं देते.” गृहिणी उठून कपाटातून एक साडी आणायची, ती नको म्हणायची, दुसरी आणायची. पातेलं तासाभरानं घरात जायचं. आजीच्या वेळी टोपलीत चिनी मातीच्या बरण्या आणि कपबश्या असत, आईच्या वेळी स्टील आलं, माझ्या वेळी प्लास्टिकच्या बादल्या आणि टब. घरात काय हवंय ते तिच्या टोपलीत दिसायचं.

हा धंदा वाढवला तो टेरिलीन-टेरिकॉटनं, असं माझं शिंपिणीचं मत आहे. सुती कपडा घरातच झिजून संपतो. त्याची दुपटी होतात, पोतेरं होतं, तो पाणी पितो. पॉलिएस्टर झिजत नाही आणि पाणीही पीत नाही. टेरिकॉटच्या पँटचं पोतेरं होत नाही, गोधडीतही ती धड बसत नाही. घरात तिचं करायचं काय? पण तीच पँट दुसऱ्याच्या अंगावर आणखी पाच वर्षं सहज जाते. घरात जी अडचण, तीच बाजारात किंमत. म्हणून बोहारीण आधी पँटला हात घालायची.

इकडे देणारेही वाढले आणि घेणारेही. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, देशातलं पहिलं. देशभरातून माणसं केंद्राच्या कॉलनीत राहायला आली. त्यानंतर एमआयडीसी आली, कापडाचे, रसायनांचे, लोखंडाचे कारखाने आले. कॉलनीतल्या घरांतून जी गाठोडी निघत ती आमच्या आजीच्या जुनेराहून फार निराळी. त्यात बंगालची तांताची साडी, दक्षिणेतलं रेशीम, एखादा लोकरीचा कोट. कोट आमच्या हवेत कोण घालणार? पण रात्रपाळीला सायकलनं जाणारे वॉचमन घालत. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार पहिल्या पगाराला नवा कपडा घेत नसत, खोलीचं भाडं आणि घरी पाठवायचे पैसे आधी. त्यांची पहिली पँट बाजारातल्या ढिगातली असे. मनोर, विक्रमगड, जव्हारकडच्या आठवडी बाजारांतही हेच ढीग जात. भाताची लावणी संपली की आणि वीटभट्टीला जायच्या आधी आदिवासी कुटुंबं घरातल्या सगळ्यांसाठी एकदम कपडे काढत. मी तिथे बसून बटणं लावून दिली आहेत, तेव्हा सांगतेय.

सगळाच माल मात्र अंगावर जायच्या लायकीचा नसतो. बोहारणी गाठोडी मुंबईला नेत, तिथे दोन टाकी, कामाठीपुऱ्याच्या बाजूला जुन्या कपड्यांचा मोठा व्यापार. घालण्याजोगं निराळं काढायचं, धुवायचं, रफू करायचं, इस्त्री मारायची. त्यातलंच पुन्हा आमच्याकडे येई. पालघरच्या कपाटातली पँट मुंबईला जाऊन इस्त्री होऊन पालघरच्याच बाजारात यायची. जे घालण्याजोगं नाही, पण सुती आहे, त्याच्या चिंध्या. त्या किलोवर कारखान्यांना जातात, यंत्राचं तेल पुसायला. एमआयडीसीतल्या फिटरच्या खिशातून लोंबणाऱ्या चिंधीवर मी लुगड्याचा काठ पाहिलेला आहे. आणि लोकरीचं जे असतं त्याचा मोठा धंदा तिकडे हरियाणात, पानिपतला. परदेशातले जुने लोकरी कपडे तिथं रंगाप्रमाणे वेगळे करतात, फाडतात, पिंजतात आणि त्याचं पुन्हा सूत काढून ब्लँकेटं विणतात. पूर आला, भूकंप झाला की मदतीत वाटतात त्या ब्लँकेटांत कुठल्यातरी परक्या देशातला कोट असू शकतो.

एका गोष्टीचं मात्र मला अजून वाईट वाटतं. बोहारणीशिवाय आणखी एक फेरीवाला यायचा, जुनी जर घेणारा. खऱ्या जरीत रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची तार असते आणि तिच्यावर सोन्याचं पाणी. तो पदर कापून घ्यायचा, वजन करायचा आणि नंतर ते जाळून चांदी काढायची. किती पैठण्या, किती शालू असे जळले असतील याचा हिशोब नाही. माझ्या ओळखीच्या एका घरातली आजेसासूची पैठणी अशीच गेली. तिच्या बदल्यात आलेल्या पैशांत मुलाची फी भरली. मुलगा शिकला, इंजिनियर झाला, आणि आता त्याची मुलगी जुनी पैठणी कुठे मिळेल म्हणून माझ्याकडे विचारत येते. मी तिला काय सांगणार? पैठणी गेली म्हणूनच तर तिचा बाप शिकला.

गिरणीचं कापड तर कुणी जपलंच नाही, कारण ते रोजचं होतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळ गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या उभ्या राहिल्या नाहीत. खटावची व्हॉईल, फिनलेची मलमल हे शब्द तेव्हा प्रत्येक शिंप्याच्या तोंडी होते. आज ढिगात असा एखादा तुकडा सापडला, काठावर गिरणीचं नाव वाचता आलं, तर मी तो बाजूला काढते. माझ्याकडे एक पिशवीभर आहेत. विकायला नाहीत.

म्हणूनच व्हिंटेज घेणाऱ्या पोरांना मी हसत नाही, थोडं शिकवते. शुक्रवारी पहाटे मुंबईत डेढ गल्लीचा जुन्या मालाचा बाजार भरतो, तिथे जायचं तर आदल्या रात्रीच कुणा नातेवाइकाकडे मुक्काम टाकावा लागतो. उजाडेपर्यंत चांगला माल गेलेला असतो. अंधारात बॅटरीवर कपडा घेतला की डाग दिसत नाहीत, म्हणून बोटांनी बघायचं. काख, कॉलर, बैठक, गुडघा, या चार जागी कापड ताणून बघा. आतल्या शिवणीत किती कापड सोडलंय ते बघा. जुन्या शिंप्यांनी शिवलेल्या कपड्यात दोन्हीकडे इंच-इंच माया असते, पोट सुटलं तर सोडायला. हल्लीच्या तयार कपड्यात ती माया नसते, इंटरलॉक मारून कापड तिथंच संपवलेलं असतं. कशाचं कापड आहे ते कळेना तर शिवणीतला एक धागा काढून जाळा: सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो, रेशीम-लोकरीला केस जळल्याचा, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. एवढं कळलं की कुणी ऐंशी सालचा म्हणून कालचा शर्ट गळ्यात मारणार नाही. आणि घरी आणल्यावर आधी गरम पाण्यातून काढा, कडक उन्हात वाळवा.

परवा एका बाजारात ढिगाशी थांबले होते. विकणारीनं बांबूला सुतळीनं एक आरसा बांधला होता, न्हाव्याकडे असतो तसा, कोपरा फुटलेला. वाड्याकडची असावी, एक तरुण मुलगी लाल जॅकेट घालून त्यात बघत होती. मागून, बाजूनं, पुन्हा समोरून. चेन वर केली, खाली केली. मग काढून ठेवलं आणि ढिगातून दुसरं घेतलं. विकणारी वैतागली नाही. मला माझ्या शाळेतली रांग आठवली. तिथे आरसा नव्हता, आणि नको म्हणायची सोयही नव्हती.

आता २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल येते, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, बोईसरला मोठमोठी दुकानं आली. दारात येणारी बोहारीण दिसत नाही म्हटलं तरी चालेल. लोक जुने कपडे आता दिवाळीत पिशव्या भरून संस्थांना देतात, पाड्यांवर वाटायला पाठवतात. देऊ नका असं मी म्हणणार नाही. पण देण्याआधी कपडा धुवा, तुटलेलं बटण लावा, चेन बघा. जो तुम्ही स्वतः बाजारात पैसे देऊन घेतला नसता तो कुणाला फुकटही देऊ नका, त्याचं पोतेरं करा. आणि पाड्यावर वाटायला जाणार असाल तर रांग लावून हातात देण्यापेक्षा चादर अंथरून कपडे मांडा, शेजारी एक आरसा ठेवा, हवं तर दहा-दहा रुपये किंमत लावा. टाळ्या वाजवू नका. माणसं येतील, उलथंपालथं करतील, नको ते ठेवतील, हवं ते नेतील. बटण लावायला कुणी नसेल तर मला बोलवा, मी सुई-दोरा घेऊन येईन.